टोकाकडचे केस

मिसेस टिबटला मनातल्या मनात वाचता येत नसे, त्यामुळे लंडनच्या क्लार्कनवेल भागातल्या त्या घरात सगळ्यांना सगळ्या बातम्या कळत. खाली घरमालकाचं वाचून झालं की वर्तमानपत्र तिच्या हाती लागे, आणि ती ते घेऊन वर डॉर्कस पेनफोल्डच्या खोलीत येऊन बसे. चहा डॉर्कसचा, आवाज स्वतःचा. त्या मंगळवारी सकाळीही ती अशीच खुर्चीत पसरली होती आणि डॉर्कस आपल्या गोल टेबलाशी उभी होती. टेबलाच्या मधोमध भोक, भोकातून खाली लोंबणारी अर्धी वेणी, आणि कडेनं सोळा शिशाच्या वजनांना बांधलेले सोळा पेड. केस कुणा आजीबाईचे होते, मागच्या आठवड्यात गेलेल्या, आणि नातीला त्यांची घड्याळाची साखळी हवी होती. "अगं, ऐकतेस का," मिसेस टिबट म्हणाली, "त्या चहावाल्याच्या बायकोनं, त्या स्टॅन्यनबाईनं, आपल्या हातानं आपल्या गळ्यात दोर घालून घेतला बघ. नवऱ्याच्या प्रेतात सोमलाचं विष निघालं, तर तिचा वकील म्हणतो, कबरस्तानच्या मातीतच सोमल आहे, तो झिरपला असेल. दोन डॉक्टर हो म्हणाले, दोन नाही म्हणाले. मग ही उठली, छातीवरचा ब्रोच काढला आणि म्हणते कशी, हे माझ्या नवऱ्याचे केस. गेले त्या दिवशी कापलेत. यांना माती लागलेली नाही, हे तपासा." डॉर्कसनं पाचवा पेड अकराव्यावरून घेतला. "मग?" "मग काय! तपासले. सोमलानं भरलेले निघाले. आता सोमवारी मोठ्या कोर्टात खटला, आणि मग आहेच. काय बाई तरी धिटाई! स्वतः उंदराचं औषध आणलं दुकानातून, आणि वर म्हणते तपासा." डॉर्कसच्या बोटांतून एक वजन निसटलं आणि टेबलाच्या पायावर आपटलं. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. "वय झालं तुझं," मिसेस टिबट म्हणाली आणि तिनं चहा ओतून घेतला.

ते केस मिस्टर स्टॅन्यनचे नव्हते. हे डॉर्कसला ठाऊक होतं आणि जगात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. ते केस ओबेदचे होते. डॉर्कसच्या नवऱ्याचे.

खिडकीत पाटी होती: केसांची अदलाबदल होत नाही. ही पाटी त्या धंद्यात सगळेच लावत, कारण लंडनमधल्या प्रत्येक विधवेला हीच धास्ती असे की आपल्या माणसाचे केस कारागीर फेकून देतो आणि पेटीतले परक्या केसांचे तयार वळणदार आकडे चिकटवून मोकळा होतो. धास्ती खोटी नव्हती. मोठ्या दुकानांत ते सर्रास चाले. डॉर्कसला त्याचा मनापासून तिटकारा होता. केस सोड्याच्या पाण्यात उकळायचे, चाकूच्या पाठीनं हलके खरवडायचे, लांबीप्रमाणे लावायचे, आणि उरलेली चिमूट नाव लिहून कागदाच्या पुडीत घालून परत द्यायची, इतकं साधं काम होतं, आणि त्यात लबाडी करणाऱ्याला ती माणसांत धरत नसे. आणि तरीही मिसेस स्टॅन्यन आठ महिन्यांपूर्वी ज्या दिवशी जिना चढून आली, नवं कोरं काळं कापड अंगावर करकरतंय, रुमालात इंचभर लांबीचे डझन-दोन डझन तांबूस केस, तेव्हा डॉर्कसच्या तोंडून "होईल" असं निघून गेलं होतं. होणार नव्हतं. मिस्टर स्टॅन्यनला टक्कल होतं, मागे उरली होती ती नुसती झालर. आणि बाईला हवा होता एक वळणदार आकडा, कपाळावर पडतो तसा. "ते तरुण होते ना, तेव्हा होता त्यांना," ती म्हणाली, आणि बोटानं हवेत तो आकडा काढून दाखवला. हवेत काढलेला तो आकडा डॉर्कसनं ओळखला. रंगही तोच. तिच्या कपाटात चहाच्या जुन्या डब्यात ओबेदची बट होती, तो गेला त्या दिवशी कापलेली, अंगठ्याएवढी जाड. त्यातले चिमूटभर केस गेले तर काय बिघडलं? परक्याचे विकत आणलेले केस देणं ही फसवणूक. ओबेदचे देणं ही फसवणूक नव्हे, हे तिनं स्वतःला पटवलं होतं. ती पदरची भर होती. आणि माणसाचं एकदा स्वतःला पटलं की पुढचं सोपं असतं. मिसेस स्टॅन्यन ही चौथी. आता एक ओबेद हॉबर्नला एका पाद्र्याच्या आईच्या गळ्यात होता, एक डेप्टफर्डला खलाशाच्या बायकोकडे, एक कुणाच्या अंगठीत. जिवंतपणी एकीलाच पुरून उरला आणि मेल्यावर चार बायकांच्या अंगावर मिरवतो आहे! असं मनात आलं की डॉर्कसला त्याचं हसू ऐकू येई. त्याला हे फार आवडलं असतं.

तो पानं करायचा. पुढच्या गल्लीतल्या कारखान्यात, बायकांच्या टोप्यांवर आणि नाचाच्या मुकुटांवर लावायची कापडाची पानं. द्राक्षाची, आयव्हीची, फर्नची. कापड कापायचं, मेणात बुडवायचं, आणि वरून हिरवी पूड भुरभुरायची की पान असं दिसे जणू आत्ताच पाऊस पडून गेलाय. संध्याकाळी तो घरी आला की नखं हिरवी, कानांच्या पाळ्या हिरव्या, केसांतून हिरवं सांडतंय. डॉर्कस जमिनीवर वर्तमानपत्र अंथरी, त्याला स्टुलावर बसवी आणि त्याचं डोकं विंचरी. पूड कागदावर पडे, तिच्या मांडीवर पडे, तिच्या मोकळ्या केसांत उडे. "चिमणे, मी झुडूप झालोय," तो म्हणे. "पाणी घाल, फुलं येतील." ती म्हणे, "आधी बूट काढ, झुडपा." कारखान्याचा मालक त्याला अल्बर्ट म्हणे. अकरा वर्षं अल्बर्ट. आधीच्या कामगाराचं नाव ते होतं म्हणे, आणि मालकाला पुन्हा नवं नाव पाठ करायचा कंटाळा. "मग सांगत का नाहीस त्याला?" डॉर्कस चिडून विचारी. "राहू दे गं. ओ द्यायला काय लागतं? नावानं का होईना, हाक तर मारतो." असला माणूस. त्याच्यावर रागवायची सोय नव्हती. शेवटच्या वर्षी त्याचे हात सोलवटले, नाकाशी फोड आले, आणि मग पोटात काही ठरेना. डॉर्कसनं त्याला मटणाचं पाणी दिलं, बार्लीची पेज दिली, एकेक चमचा, आणि तो प्रत्येक चमच्याला "छान झालंय" म्हणून वाडग्यात उलटून टाकी. डॉक्टरनं जठराचा ताप असं लिहिलं. विंचरणं मात्र शेवटच्या दिवसापर्यंत चुकलं नाही. त्याला ते हवं असायचं.

म्हणजे. डॉर्कस रिकाम्या खोलीत टेबलाशी उभी होती आणि पुढचा शब्द मनात येऊ देत नव्हती. मिसेस टिबट केव्हा उठून गेली तिला कळलं नाही. म्हणजे ओबेदच्या केसांत सोमल होता. म्हणजे जठराचा ताप नव्हता. ती चहाच्या डब्यासमोर बसली आणि डबा उघडला नाही. कुणी? त्याला कोण देईल विष? शेजारची मांजरंसुद्धा त्याच्या पायांत घोळायची. त्याच्या तोंडात जे काही गेलं ते डॉर्कसच्या हातचं. दुसऱ्या कुणाच्याच हातचं नाही. आणि हे ज्याला सांगायला जाईल त्याच्याही पहिल्यांदा हेच लक्षात येणार होतं. नवरा मेला, केसांत सोमल, चारणारी बायको, घरात तिसरं कुणी नाही. मिसेस स्टॅन्यनच्या गळ्यातला दोर काढायचा तर तो ठेवायला दुसरा गळा तयारच होता. धंदा जाणार हे तर उघडच. पाटी लावून चार जणींना फसवणाऱ्या बाईकडे कोण मेलेल्यांचे केस घेऊन येईल? आणि समजा बोलली नाही, तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कधी कळणार? ती बुधवारभर साखळी विणत राहिली आणि बुधवारी संध्याकाळी सगळी उसवली, कारण पेड चुकले होते. ती स्टॅन्यनबाईला नीट आठवायचा प्रयत्न करत होती. बारीक, चाळिशीची, नाकाचा शेंडा लाल. ब्रोच न्यायला आली तेव्हा नुसता काचेवर अंगठा फिरवत राहिली. खाली जिन्यात तिच्या रडण्याचा आवाज आला होता आणि डॉर्कसला धन्य वाटलं होतं. खुनी असेल का ती? असूही शकते. रडतात त्याही. पण कोर्टात उठून तिनं तो ब्रोच काढून दिला. जिच्या मनात चांदणं असतं ती बाई नवऱ्याचे केस डॉक्टरच्या हातात देत नाही. तिनं ते दिले कारण तिला वाटलं, हे तर त्यांचेच, हे आपल्याविरुद्ध कसे बोलतील? तिचा विश्वास डॉर्कसच्या पाटीवर होता.

आणि आणखी एक गोष्ट होती. डॉर्कसकडे पुडी होती. मिस्टर स्टॅन्यनचे खरे केस तिनं परत दिले नव्हते, कसे देणार, आणि फेकलेही नव्हते, कारण मेलेल्या माणसाचे केस फेकायला तिचा हात धजत नसे. कपाटाच्या खणात कागदाची पुडी होती, तिच्याच अक्षरात नाव आणि तारीख.

गुरुवारी सकाळी तिनं डबा घेतला, पुडी घेतली, आणि कपाटावरची टोपीची पेटी घेतली. पेटीत तिची रविवारची टोपी होती, तिच्यावर आयव्हीचा वेल. लग्नाच्या सातव्या वाढदिवसाला ओबेदनं टाकाऊ कापडातून केलेला, पण पूड हात सैल सोडून लावलेली. तो वेल अजून तसाच ओला ताजा दिसत होता. ती तो वेल घालून त्याला पुरायला गेली होती.

डॉक्टर प्रॉसर हा रसायनं तपासणारा म्हातारा, ज्यानं ब्रोचमधले केस तपासले तोच. त्याच्या बोटांना पिवळे डाग होते, आणि डॉर्कसला ते पाहून उगीचच धीर आला, कामानं रंगलेली बोटं तिच्या ओळखीची होती. त्यानं तिला उभ्यानंच ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे माझी चाचणी खोटी, असं म्हणताय तुम्ही?" "चाचणी खरी आहे, साहेब. केस खोटे आहेत." "मग कुणाचे आहेत?" "माझ्या नवऱ्याचे. ओबेद पेनफोल्ड. जाऊन तीन वर्षं झाली." म्हाताऱ्यानं चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. डॉर्कसला कळत होतं की तो कुठे पोचलाय. "बाई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना? त्याला जेवायला कोण घालत होतं?" "मीच." "फक्त तुम्ही?" "फक्त मी." तिनं टोपीची पेटी टेबलावर ठेवली आणि उघडली.  "तो ही पानं करायचा. अकरा वर्षं. मी रोज त्याचं डोकं विंचरायची आणि हे पडायचं खाली. मला एवढंच ठाऊक आहे." डॉक्टरनं वेलाचं एक पान चिमट्यानं उचललं, उजेडाकडे धरलं, आणि झटकन खाली ठेवून हात धुवायला गेला. धुताना पाठमोराच म्हणाला, "या हिरव्या रंगात सोमल असतो, हे मी गेली दोन वर्षं ओरडून सांगतोय. पण तो केसांवर बाहेरून बसला की कुणी पोटातून घातला, हे वकील विचारणार. सरकारचा वकील तर नक्कीच. वेल तुमच्या घरी होता. त्यावरची पूड झटकून पेजेत घालणं काही अवघड नाही."

तेव्हा डॉर्कसला ते सुचलं. तिच्या एकोणीस वर्षांच्या कामानं सुचवलं असंच म्हणायला हवं, कारण तिचं डोकं त्या क्षणी चालत नव्हतं. तिनं डोक्यावरची साधी टोपी काढली, एकेक काटा काढून ओठांत धरला, आणि अंबाडा सोडला. केस कमरेखाली आले. म्हातारा गांगरला. "बाई, हे काय!" "माझे केस घ्या, साहेब. नुसते मुळापाशी कापलेले नकोत, पूर्ण बट घ्या. केस वर्षाला अर्धा फूट वाढतात. डोक्याशी असतात ते या वर्षीचे. टोकाकडचे चार-पाच वर्षांपूर्वीचे, तो होता तेव्हाचे. मी खात होते ते तो खात नव्हता, शेवटी तर तो खातच नव्हता. पण पूड दोघांवर पडत होती. टोकाला सापडलं आणि मुळाला नाही सापडलं, तर ते पेजेतलं नव्हे, त्या हिरव्या रंगातलंच ना?"  डॉक्टर प्रॉसरनं कात्री आणली. मग चहाचा डबा पुढे ओढला आणि आत पाहिलं. चार बायकांना देऊन उरलेली बट आता करंगळीएवढी होती. "हीसुद्धा लागेल," तो म्हणाला. "ब्रोचमधले याचेच हे सिद्ध व्हायला हवं. एकदा तपासून भागणार नाही, दुसऱ्यांदा कोर्टाच्या माणसासमोर." "किती लागेल?" "सगळी. तपासणीत केस जळून जातात, बाई. उरत नाही काही." डॉर्कसनं बट हातात घेतली. टोकाशी तो आकडा होता, हजारदा विंचरूनही पुन्हा तसाच वळणारा, पहिल्या रात्री तिनं बोटाला गुंडाळून पाहिलेला. मरणं एकदा झालं होतं आणि ते सोसून झालं होतं, हे दुसरं कुणी मागेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं बट डॉक्टरच्या तबकात ठेवली. वाकडी पडली म्हणून सरळ केली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा डॉक्टरकडे निघाली तेव्हा मिसेस टिबटनं मारलेली हाक तिला ऐकूही आली नाही. रस्ताभर एकच मनात होतं, की स्टॅन्यनच्या पुडीतही सोमल निघाला तर? तर आपण खुनी बाईसाठी ओबेदला जाळला. डॉक्टर दारातच उभा होता. "पुडी स्वच्छ आहे," तो म्हणाला. "कणभरही नाही. प्रेतातला सोमल मातीतलाच होता, आणि मी एका निरपराध बाईला फासावर चढवत होतो." मग तिला खुर्ची देऊन तो म्हणाला, "तुमच्या नवऱ्याच्या बटेत भरपूर. तुमच्या मुळांशी काही नाही. टोकाला आहे. थोडासा, पण आहे. तुमच्या अंगातही होता तो, तुम्ही वाचलात एवढंच." यावर घाबरायला हवं होतं. डॉर्कसला मात्र त्या परक्या खोलीत, वासाच्या बाटल्यांमध्ये, एकदम इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. तबक रिकामं होतं, डबा रिकामा होता, आणि तिच्या पाठीवर, टोकाकडे, तो होता.

सोमवारी कोर्टात तिला पिंजऱ्यात उभं राहून सगळं सांगावं लागलं, पाटीसकट. लोक हसले, कुणीतरी 'छी!' म्हणालं. मिसेस स्टॅन्यन समोर होती, तिच्याकडे डॉर्कसनं पाहिलं नाही. ज्युरीला तिला निर्दोष ठरवायला फार वेळ लागला नाही. घरी येऊन डॉर्कसनं खिडकीतली पाटी काढली आणि उलटी करून पलंगाखाली सारली. "मला काही म्हणायचं नाही," मिसेस टिबट म्हणाली आणि पाऊण तास म्हणत राहिली. शेवटी तिनं आपल्या खोलीतून मटणाचा रस्सा आणून ठेवला आणि "खा मुकाट्यानं, बाहेरून शहाणी आणि आतून वेडी तू" असं म्हणून निघून गेली.

मिसेस स्टॅन्यन आली ती शनिवारी दुपारी. अंगावरचं काळं कापड आता करकरत नव्हतं, वापरून मऊ झालं होतं. डॉर्कस उठून उभी राहिली आणि जे बोलायचं घोकून ठेवलं होतं ते सगळं विसरली. "माझ्यामुळे तुम्ही मरणार होता," एवढंच निघालं. "हो," ती म्हणाली. "आणि तुमच्यामुळेच नाही मेले. तुमचा राग फार आला होता मला. तुरुंगात नाही, सुटल्यावर आला. घरी येऊन आधी पोटभर रागावले, मग आले." तिनं हातमोजा काढला आणि मुठीतला ब्रोच टेबलावर ठेवला. डॉक्टरनं अर्धा आकडा घेतला होता, अर्धा काचेखाली तसाच होता. "हा तुमचा." डॉर्कसनं हात पुढे केला नाही. तिनं खणातून पुडी काढली, तिच्यातही तपासणीतून वाचलेले आठ-दहा तोकडे केस होते. "याचा आकडा होणार नाही," ती म्हणाली. "सपाट बसवता येतील, बारीक गव्हाच्या लोंबीसारखे. तेवढेच." "तसेच बसवा. तसेच होते ते." मिसेस स्टॅन्यन खुर्चीवर बसली. नाकाचा शेंडा लाल झाला होता, पण ती रडत नव्हती, तिला काहीतरी सांगायचं होतं आणि कसं सांगावं कळत नव्हतं. "मिसेस पेनफोल्ड, राग मानू नका. कित्येक महिने मी रोज झोपताना तुमच्या नवऱ्याचा मुका घेतलाय." मग तिनं घाईनं पुढचंही सांगून टाकलं. "आणि बोलायचेही. सगळं सांगायचे, दुकानातलं, दिराचं, पोलीस आले तेव्हाचं. आमच्या ह्यांच्या नावानं, सेप्टिमस, सेप्टिमस करून. त्यानं एकदाही म्हटलं नाही की अहो बाई, मी तो नव्हे." "तो नाहीच म्हणणार," डॉर्कस म्हणाली. तिचं तोंड वाकडं झालं आणि मग तिला हसू फुटलं, तीन वर्षं आत कुठेतरी अडकलेलं, थांबवता न येणारं, डोळ्यांतून पाणी काढणारं. "त्याला कुठल्याही नावानं हाक मारा. ओ द्यायचा तो. अकरा वर्षं अल्बर्ट म्हणून दिली."

तिनं अल्बर्टची गोष्ट सांगितली. झुडपाची सांगितली. चहा झाला, दुसरा झाला. मिसेस स्टॅन्यननं टोपीची पेटी पाहिली आणि विचारलं, आणि डॉर्कसनं सांगितलं की हे घेऊन सोमवारी मला अकस्मात मृत्यूची चौकशी करतात त्या साहेबाच्या कचेरीत जायचं आहे. डॉक्टर प्रॉसरनं चिठ्ठी दिली होती. मालकाला काय होईल कुणास ठाऊक, बहुधा काहीच नाही, पण कागदावर जठराचा ताप लिहिलाय तो खोडायला हवा. त्या कारखान्यात अजून सतरा जण पानं करतात. "एकट्याच जाणार?" "एकटीच." मिसेस स्टॅन्यननं हातमोजा उलटा घातला, काढला, पुन्हा घातला. "ब्रोच मग सोमवारनंतर ठेवा तुमच्याकडे," ती म्हणाली. "सोमवारी मी लावून येते."

कचेरीतला कारकून तरुण होता आणि त्याला पडसं झालं होतं. त्यानं वेलाची पेटी उघडू दिली नाही, चिठ्ठी दोनदा वाचली, आणि मोठी वही ओढली. "मृताचं नाव?" "ओबेद पेनफोल्ड," डॉर्कस म्हणाली. त्यानं लिहिलं. ती वाकून पाहत होती, तेव्हा त्यानं वही तिच्याकडे वळवून दाखवली. बरोबर होतं. "तुम्ही मृताच्या कोण?" "बायको." कारकुनानं नाक शिंकरलं आणि तिच्याशेजारी उभ्या असलेल्या काळ्या कपड्यांतल्या बाईकडे पाहिलं. "आणि आपण?"

मिसेस स्टॅन्यनचा हात छातीवरच्या ब्रोचवर गेला.

"ओळखीची," ती म्हणाली. "चांगल्या ओळखीची."